डॉक्टर सगदेवांचं इंजिन कुणी बदललं?

१

इंजिन चोरीला गेलं होतं, आणि गाडी मात्र झकास चालत होती. आता असल्या चोरीचा तपास करायचा तरी कसा, तुम्हीच सांगा! पण डॉक्टर अच्युत सगदेव काही ऐकून घ्यायला तयार नव्हते. समता कॉलोनीतल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यामागच्या अंगणात ती लाल गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती, आणि रविवारची सुट्टी वाया घालवत डॉक्टर तिच्याभोवती फेऱ्या मारत होते.

"गजभियेजी, हे माझं इंजिन नाही," ते सातव्यांदा म्हणाले. "कुणीतरी माझं काढून नेलं आणि हे डबडं आत बसवलं."

नत्थूजी गजभिये यांनी उत्तर देण्याआधी चष्मा पुसला. घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती. रेल्वेच्या कारखान्यात आधी फिटर, मग मिस्त्री अशी छत्तीस वर्षं त्यांनी काढली होती आणि निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली होती. "छत्तीस वर्षांत एक मेमो नाही, एक चार्जशीट नाही," हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवत. घरी तर त्यांनी सुरुवात केली की पत्नी शेवंताबाईच शेवट करून टाकत. जुन्या इंजिनाचं काही अडलं की अर्धं रायपूर त्यांच्याकडे यायचं, आणि ते सांगतील ते दोन्ही पक्ष मुकाट मान्य करायचे.

राज्य नवं, राजधानी नवी. तीन वर्षांत ज्याला त्याला काही ना काही नवं घ्यायची हुक्की आलेली. कुणी तेलीबांध्याकडे प्लॉट घेतला, कुणी मोबाइल. डॉक्टरांना मात्र जुनं घ्यायची हुक्की आली. एकोणीसशे एकोणसाठ सालची, दोनच जणांची, उघड्या टपाची विलायती एमजी त्यांनी श्यामराव पांढरीपांडे यांच्याकडून सप्टेंबरात विकत घेतली. मग ब्रेकचं काम करायला ती बीरगांवच्या एका गॅरेजात अकरा दिवस राहिली. आता नोव्हेंबरात मध्य प्रदेशचा नंबर जाऊन छत्तीसगढचा यायचा, म्हणून डॉक्टर ती घेऊन आरटीओत गेले, आणि तिथं माशी शिंकली.

आरसी बुकात इंजिन नंबर होता लांबलचक, आधी अक्षरं आणि मग पाच आकडे. इंजिनावर मात्र शोधून शोधून एकच नंबर सापडला, लोखंडात ठोकलेला, इंग्रजी आकड्यांतला, चारच आकडी: 8691. तिथला साहेब म्हणाला, इंजन बदला हुआ है, आणि कागद परत केले.

"सरळ आहे," डॉक्टर म्हणाले. "हे अॅम्बेसेडरचं इंजिन आहे. एमजीचं आणि अॅम्बेसेडरचं एकच खानदान, चेहरामोहरा सारखा. माझं विकलं मुंबईला आणि टॅक्सीचं बसवलं. तुम्ही फक्त तसं लिहून द्या. तक्रार मी लिहून ठेवली आहे. पाच वाजता ठाण्यात जातो."

"आन तक्रार कोणावर?"

"गॅरेजवाल्यावर. यशदीप मेश्राम."

चष्मा पुसणारा नत्थूजींचा हात थांबला. यशदीप त्यांच्या शेजारच्या घरातला. त्यांच्याच अंगणात पाना धरायला शिकला, आणि चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या गॅरेजची फीत त्यांनीच कापली होती.

२

"लिहून देतो," नत्थूजी म्हणाले, "पण पह्यले पाहू तर द्या. चालू करा."

डॉक्टरांनी चावी फिरवली. नत्थूजींनी पिशवीतून हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, दांडी कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाई राधिका स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. त्यांना हसू आवरेना, कारण डॉक्टरही श्वास रोखून उभे होते.

पाच मिनिटं गेली. नत्थूजींचा चेहरा हळूहळू खुलला. इंजिन फार सुरेख बोलत होतं. इतक्या वर्षांच्या जुन्या इंजिनात जी खडखड असायला हवी ती नव्हती, आणि कंपनीने दिली असेल त्याहून ताकद जास्त होती.

"पिस्टन फिरते ते याचे बोअर मोठे केले आहे," ते म्हणाले. "पिस्टन कंपनीचे नाई. आतले बेरिंगबी कोणीतरी हातानं ओतले आहे. मोठ्या हुशार माणसाचं काम आहे साहेब."

"म्हणजे बदललेलंच ना!"

"सुधारलेलं. बदलणं येगळं, सुधारणं येगळं."

मग त्यांनी समोरून, रेडिएटरकडून वाकून पाहिलं. 8691 हा नंबर वेडावाकडा होता, एकेक आकडा हातोडीनं ठोकलेला. बोटानं चिकटा पुसला तर खाली लाल रंग दिसला. गाडीचा झगमगीत लाल नव्हे. मालगाडीच्या डब्याला लावतात तो विटकरी रेड ऑक्साईड. एका अंगाला मोसंबीएवढा शेंदराचा गोळा चिकटून बसला होता, त्याला डॉक्टरीणबाईंनी लावलेलं दसऱ्याचं हळदकुंकू तसंच होतं. नत्थूजींनी त्या गोळ्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या देवाला आपण कशाला हात लावावा?

"गाडीले कोणाकोणाचा हात लागला, तेवढे लोक मले पाह्यजे," ते म्हणाले. "पाच वाजाच्या आत."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते.

३

पहिली पाळी राधिकाबाईंची.

"मी?" त्या म्हणाल्या. "अहो, मला चोरायचंच असतं तर इंजिनासकट गाडी चोरून तलावात ढकलली असती! तीन माणसांचं घर आमचं आणि गाडी दोघांची. पोरीला कुठं बसवणार, बॉनेटवर?"

"तुमाले गाडी पसंत नाई."

"मला काहीच नाही वाटत. दसऱ्याला पूजासुद्धा केली. पण बॉनेट उघडलं तर शेंदूर लावायला जागाच नव्हती, आधीच डोंगर झालेला. म्हणून वरून हळदकुंकू लावलं आणि मोकळी झाले."

नत्थूजींनी मान डोलावली. बाई खरं बोलत होत्या. खोटं बोलणाऱ्याला एवढं चिडायला फुरसत नसते.

दुपारी दोनला श्यामराव पांढरीपांडे सायकलरिक्षातून उतरले. सत्तरीचे, पांढरं धोतर, घराण्याची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन जमाना झाला तरी आवाजातून गेली नव्हती.

"आमच्या घराण्यातली वस्तू!" त्यांनी उतरताच सुरुवात केली. "आणि तुम्ही म्हणता चोरीचं इंजिन? माझ्या वडिलांनी ही गाडी कलकत्त्याहून आणवली होती. वडील गेले आणि आम्ही ती चालवणं बंद केलं."

"मंग इतके वर्षं करत काय होते तिचं?"

"पूजा. दर दसऱ्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. वडिलांचा नेम, मी पुढं चालवला."

"इंजिन कधी खाली उतरवलं होतं?"

श्यामराव जरा घुटमळले. उपरण्याचं टोक त्यांनी दोनदा झटकलं.

"एकदा. अठ्ठ्याहत्तर साली. गाडी चढावर दम टाकायची, म्हणून वडिलांनी इंजिन एका ठेकेदाराच्या हवाली केलं. त्यानं कुठं नेलं, कुणाकडून करवलं, काही सांगितलं नाही. महिन्यानं पोत्यात गुंडाळून परत आणलं. पण तेव्हापासून अशी पळायची, की वडील म्हणायचे, यात वारं शिरलं."

डॉक्टर ताडकन उठले. "म्हणजे ठेकेदारानं तेव्हाच बदललं! आणि तुम्ही मला ओरिजनल म्हणून गळ्यात मारलं!"

"तोंड सांभाळा डॉक्टर! गाडी घेताना तुम्हीच नंबर का नाही पाहिला?"

"मी दात बघतो हो, इंजिन नाही!"

दोघांचं असं जुंपलं की राधिकाबाईंनी चहा आणून मध्ये ठेवला तेव्हा कुठं ते खाली बसले. तेवढ्यात फाटकाजवळ एक मोटारसायकल थांबली. यशदीप आला होता. चोवीस वर्षांचा, शर्टाला ग्रीस, चेहरा उतरलेला. त्याला मराठी सगळं कळायचं, बोलायचा मात्र हिंदीत.

तो कुणाकडे न बघता थेट नत्थूजींपुढे येऊन उभा राहिला. "काका, आपसे झूठ नहीं बोलूंगा," तो म्हणाला. "इंजन मैंने खोला था."

४



"काहून?" नत्थूजींचा आवाज चढला. "ब्रेकचं काम होतं ना तुह्याकडे? इंजिनाले हात लावाले कोणी सांगितलं होतं बे पोट्ट्या?"

"किसी ने नहीं. आवाज सुनकर रहा नहीं गया. ऊपर का हेड खोला, नीचे का सम्प खोला, बस देखने के लिए. काका, अंदर इतना सुंदर काम है! बेरिंग ऐसे बैठे हैं, कागज भी नहीं घुसेगा. मैं तीन दिन देखता रहा, फिर जैसा था वैसा बंद कर दिया. जिसने बनाया है न, उसके पैर छूना चाहिए."

"ऐकलंत?" डॉक्टरांनी खिशातली तक्रार बाहेर काढली. "न विचारता उघडलं, हे त्यानं स्वतः कबूल केलं. आता अजून काय पाहिजे तुम्हाला?"

तीन वाजून गेले होते. नत्थूजींना त्या पोराचा असा राग आला होता की दोन थोबाडीत द्याव्या. आणि त्याच्यावरचा विश्वास तिळभर हलला नव्हता, म्हणून राग आणखीच वाढत होता. पण पोलिसाला विश्वास कसा दाखवायचा? आज याचं नाव ठाण्यात गेलं, की उद्या बीरगांवच्या गॅरेजपुढे एक सायकलसुद्धा थांबणार नाही. चोर मेकॅनिककडे गाडी कोण देईल?

"एक डाव अखीन ऐकू द्या," ते म्हणाले.

या वेळी ते समोरून गेले नाहीत. मागच्या बाजूचा, गिअरबॉक्सकडचा आवाज त्यांना ऐकायचा होता. ड्रायव्हरच्या बाजूनं, काचेजवळच्या मडगार्डावर ओटीपोट टेकवून ते बॉनेटखाली ओणवे झाले आणि पेचकस टेकवायला जागा शोधू लागले. तोच नंबर त्यांच्या डोळ्यांखाली आला. समोरून पाहिलेला होता. आता मागून, उलट्या बाजूनं.

इथून तो 8691 नव्हता. आठाचा आठ राहिला, एकाचा एक राहिला, पण सहाचा नऊ झाला होता, नवाचा सहा, आणि क्रम फिरला होता.

1698.

पेचकस हातातून सुटून ठण्णकन खाली पडला. यशदीपनं धावत येऊन त्यांना धरलं. "क्या हुआ काका?"

"पाणी आण," नत्थूजी म्हणाले आणि स्टुलावर बसले.

५

पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तो शेंदूर काढा लागते."

"कशाला?" श्यामराव ओरडले. "चाळीस वर्षांचं कवच आहे ते!"

"त्याच्या खाली नंबरची पाटी आहे. कंपनी इंजिनावर नंबर ठोकत नाई, पितळेच्या पाटीवर लिहून ती पाटी रिव्हेटनं बसवते. तुमच्या वडिलांले इंजिनावर तेच एक चमकदार कपाळ दिसलं, म्हणून तिथंच शेंदूर लावला. मंग दर दसऱ्याले थर चढला. आरटीओच्या साहेबानं हात जोडले असन, खरवडलं नसन. या पोट्ट्यानं इंजिन सारं उघडलं, पण तुमच्या देवाले धक्का नाई लावला. आन सकाळी मीबी नाई लावला."

श्यामरावांनी उपरणं सावरून हात जोडले. कुणी हात लावायचा यावर थोडा घोळ झाला. शेवटी राधिकाबाईंनी नमस्कार केला, खोबरेल तेल ओतलं आणि उलथन्यानं तो गोळा अलगद सोडवला. खाली खरंच पाटी निघाली. डॉक्टरांनी आरसी बुक उघडलं. अक्षरं जुळली, पाचही आकडे जुळले.

यशदीपनं सुटकेचा श्वास टाकला. पण डॉक्टर हट्टाचे पक्के.

"पाटी काय, चार रिव्हेट काढले की निघते," ते म्हणाले. "जुन्या इंजिनाची काढून नव्यावर ठोकली असेल. वर शेंदूरही थापला असेल. लोखंडात ठोकलेला नंबर खरा. तो कुणाचा, कधीचा, ते सांगा."

नत्थूजींनी घड्याळाकडे पाहिलं. पाचाला वीस मिनिटं होती. गप्प बसायचं म्हटलं तर बसता आलं असतं. त्यांना कुणी काही विचारलं नसतं. शेवंताबाईंनासुद्धा त्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. मेश्राम काय, गजभिये काय, आपल्या समाजातल्या माणसाकडे कुणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून ते जन्मभर जपून वागले होते. तेवढी एक कमाई होती, आणि आता तीच हातची जाणार होती. 

"तो नंबर माहा आहे," ते म्हणाले.

"तुमचा? म्हणजे?"

"टोकन नंबर. सोळाशे अठ्ठ्याण्णव. तुम्ही तो उलटा वाचून राहिले. पंचाच्या पेटीत सहाचा आन नवाचा पंच एकच राहते, फिरवला का झालं. टेबलावर इंजिनाची मागची बाजू माह्याकडे होती, म्हणून समोरून पाहणाऱ्याले तो उलटा दिसते. कारखान्यात काम हातून सुटलं का आपला टोकन नंबर त्याच्यावर ठोका लागे. पुढं काम फेल झालं, तर कोणाची मान धराची ते समजे."

"पण रेल्वेच्या कारखान्यात माझ्या गाडीचं इंजिन कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चोरून." हा शब्द बाहेर पडला आणि नत्थूजींना एकदम हलकं वाटलं. "ठेकेदारानं आणलं. म्हणे शेताच्या पंपाचं आहे. गाडी तं मी आज पह्यल्यांदा पाहिली. सतरा वर्षं मी मालगाडीच्या स्प्रिंगांचे पाटे बदलले होते साहेब, घण आन पाटे, घण आन पाटे. ते इंजिन टेबलावर आलं आन मले वाटलं, का बा हे आपल्या हातचं काम आहे. पैसा नाई घेतला. पण ड्युटीच्या टायमात केलं, सरकारी मशीनवर बोअर मारला, डब्याच्या बेरिंगची धातू ओतली, वरून सरकारी रंग लावला. आन भंगाराच्या ठेल्यात, बिना गेटपासचं बाहेर काढलं."

राधिकाबाईंनी तोंडावर पदर धरला. "अहो, म्हणजे चोरून काम केलंत, आणि वर आपला नंबर ठोकलात?"

"हव," नत्थूजी ओशाळून म्हणाले. "सवयीनं. हात आपोआप पंचाकडे गेला."

आता श्यामरावही हसायला लागले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "चेला तुमचा. त्याला वाचवायला तुम्ही हे रचलं नाही कशावरून?"

"तुमचा सवाल बरोबर आहे. स्टार्टरच्या मागं, खालच्या अंगाले, जिथं हात जात नाई तिथं, महिना आन साल ठोकलं आहे. वरून रेड ऑक्साईडचा थर दिला आहे, तो कोणी फोडला नसन. मी आताच सांगतो, बारा, अठ्ठ्याहत्तर. हा यशदीप एकोणऐंशीचा आहे. तुम्हीच खरवडून पाहा."

डॉक्टर तडक दवाखान्यात गेले आणि दातांचं कीट काढायचा आकडा, तोंडात घालायचा छोटा आरसा आणि कपाळावरचा दिवा घेऊन आले. इस्त्रीच्या कपड्यांनिशी गाडीखाली आडवे झाले. बराच वेळ नुसती खरवड ऐकू येत राहिली.

"सांगा ना, दिसतंय का?" राधिकाबाई खाली वाकल्या.

खालून डॉक्टरांचा आवाज आला, "एक... दोन." मग पुन्हा खरवड. "सात." आणि मग, फार हळू, "आठ."

६

तक्रारीचा कागद डॉक्टरांनी चार तुकडे करून फाडला आणि यशदीपचा हात दोन्ही हातांत घेतला. "चुकलो रे बाबा," ते म्हणाले.  यशदीप वळला आणि नत्थूजींच्या पाया पडायला वाकला.

"पाया काय पडतं बे!" नत्थूजी खेकसले. "गिऱ्हाइकाले पुसल्याबिगर पुन्हा इंजिन खोललं तर तंगडं तोडीन." पण डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

मग त्यांनी राधिकाबाईंकडून कागद मागून घेतला. आरटीओसाठी लिहून दिलं की इंजिन मूळचंच आहे, त्यात अमुक अमुक फेरफार झालेले आहेत आणि ते आपण स्वतः, कारखान्यात, डिसेंबर अठ्ठ्याहत्तरमध्ये केले. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

"एवढं लिहायची गरज नव्हती," डॉक्टर म्हणाले. "पेन्शनचं काही झालं तर?"

"होईन ते होईन. लिहिलं ते लिहिलं."

"चला मग, घरी सोडतो. तुमचंच इंजिन आहे, एकदा बसून तर बघा."

पंचवीस वर्षांनी नत्थूजी पहिल्यांदा आपल्या कामाच्या मागे बसले. डॉक्टरांनी गिअर टाकला, गाडी समता कॉलोनीतून सुसाट निघाली आणि पुलाचा चढ असा चढली की नत्थूजींनी दोन्ही हातांनी दार धरलं. आनंदानं त्यांना हसू फुटत होतं. घराचं वळण आलं तेव्हा ते म्हणाले, "जरा सरळ घ्या साहेब. कारखान्याच्या गेटवर."

गेटवर एक तरुण शिपाई बसला होता. लाल गाडी बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. नत्थूजी खाली उतरले.

"भैया, एक गेटपास बनवाचा राह्यला आहे."

"किसका, बाबूजी?"

"हे आतलं इंजिन. इथून बाहेर गेलं, तवा बनवला नाई."

"कब गया था बाहर?"

"डिसेंबर अठ्ठ्याहत्तर."

शिपायानं त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, कपाळावरचा दिवा काढायला विसरलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"बाबूजी, तब तो मैं पैदा भी नहीं हुआ था," तो म्हणाला. "जाइए न. अब कौन रोक रहा है?"

 नत्थूजी येऊन गाडीत बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"चला डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "सोडलं त्यानं."